जुन्या लूनाचं इंजिन जाम आहे, घरीच बांधायचं आहे: कुठून सुरू करू?

आर्वीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या खेड्यावरून लिहितो आहे. घरी पायडलवाली जुनी लूना आहे, ५० सीसी, १९८० च्या दशकातली. बरीच वर्षं कोठ्यात उभी होती. भंगारात द्यायची नाही, चालती करायची आहे, आणि इंजिनाचं काम शक्यतो घरीच करायचं आहे. बोअरिंगसारखं लेथचं काम तेवढं बाहेरून करून घेईन.

सध्याची अवस्था: इंजिन पूर्ण जाम, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) केसभरही हलत नाही. प्लग निघाला, त्याच्या टोकाला कोरडा तांबूस गंज आहे. टाकीच्या तळाशी पेट्रोलचा डिंक झालाय आणि आतून गंजाची खपली निघते आहे. कार्ब्युरेटरचं थ्रॉटल चिकटलेलं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय. वायरी उंदरांनी जागोजागी कुरतडल्या आहेत.

हाताशी साधे आणि रिंग पाने, मोटरपंपासाठी घेतलेलं मल्टीमीटर, ट्रॅक्टरची ग्रीसगन आणि व्हर्नियर आहे. फिलर गेज आणि पुलर नाही, पण घेईन.

गावातले मिस्त्री सांगतात, प्लगमधून डिझेल टाका, दोन दिवस ठेवा आणि गाडी उतारावर ढकला, सुटते आपोआप. मला ते पटत नाही. तर विचारायचं असं की जाम पिस्टन इजा न करता कसा सोडवायचा? सुटला तर इंजिन पूर्ण उघडावंच लागेल का, की प्लग-कार्ब्युरेटर साफ करून चालू करून पाहावं? ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट-कंडेन्सरचं काय करायचं? आणि आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यात ऑइल किती घालायचं?

---

बोअर_पिस्टन (अमरावती)

ढकलायची गोष्ट डोक्यातून काढून टाका, दादा. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, गंजाचा पट्टा असतो. जोर लावून पिस्टन ओढला की रिंग पोर्टच्या (भिंतीतल्या खिडकीच्या) कडेला अडकते, तुटते, आणि जो बोअर नुसत्या होनिंगवर (भिंत हलकी घासून) वाचला असता त्यात नाली पडते.

लूनाचं इंजिन पियाजिओच्या चाओ या इटालियन मोपेडच्या आराखड्यावरचं. नगरच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये लूना आणली तेव्हापासून या जातीचं सिलिंडर आडवं आहे. तुमच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. गाडी उभी असताना प्लगच्या भोकातून कितीही तेल ओतलं तरी ते सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं, वरची अर्धी कड कोरडीच राहते. मग लोक म्हणतात आठवडाभर भिजवलं तरी सुटत नाही. इंजिन फ्रेममधून उतरवा, प्लगचं भोक आकाशाकडे येईल असं चिंध्यांच्या आधारानं घमेल्यात उभं करा, आणि मग तेल टाका. अर्धं डिझेल, अर्धं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टेअरिंगला लागतं ते लाल तेल. ट्रॅक्टरच्या पार्ट्सच्या दुकानात मिळतं. एका वेळी २० ते ३० मिली पुरे. झिरपलं की परत. चार दिवस ते आठवडा द्या.

त्यानंतर तेल निपटून काढा आणि सिलिंडर बाहेरून हीट गननं तापवा. आत डिझेल असताना ब्लो लॅम्प किंवा गॅसची ज्योत जवळ न्यायची नाही. सिलिंडर गरम असतानाच मॅग्नेटच्या नटाला पाना लावून नट घट्ट होण्याच्या दिशेनं सावकाश दाब द्या. केसभर हललं की थांबा, ताजं तेल टाका, मॅग्नेट हातानं धरून उलट फिरवा. असं पुढे-मागे करत हालचाल वाढवत न्यायची. एकाच दिशेनं रेटत राहिलात तर सगळा गंज रिंगेपुढे गोळा होतो आणि पुन्हा अडकतं.

तरीही सुटला नाही तर तुमची ग्रीसगन कामाला येईल. जुना प्लग घ्या, त्यातली चिनीमाती फोडून काढा, रिकाम्या कवचात ग्रीस निप्पल वेल्ड करा किंवा आटे पाडून बसवा. हा प्लग हेडमध्ये कसून ग्रीसगननं ग्रीस भरत जा. डिकॉम्प्रेसर (हेडमधला दाब सोडायचा) व्हॉल्व्ह असेल तर तो बंद हवा. दाब पिस्टनच्या पूर्ण माथ्यावर सारखा पडतो, म्हणून काही तुटत नाही. पिस्टन पोर्टच्या वर अडकला असेल तरच हे चालतं. एक्झॉस्ट पोर्ट उघडं असेल तर ग्रीस सरळ बाहेर येईल. पिस्टनच्या माथ्यावर रॉड ठेवून हातोडा मात्र मारायचा नाही. माथा अॅल्युमिनियमचा, खाली कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग. घाव सगळा तिथं जातो.

आता दुसरा प्रश्न. पिस्टन सुटला तरी इंजिन पूर्ण उघडाच. हे मी आग्रहानं सांगतो, कारण बहुतेक जुन्या मोपेड इथंच मरतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हा पंप असतो. पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते, खाली आला की दाब. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात, आणि या इंजिनात दोन्हीकडे सीलबाहेर कोरडी जागा आहे, एकीकडे मॅग्नेट आणि दुसरीकडे क्लच. बेअरिंगना वेगळं ऑइल नाही, पेट्रोलमधून जे येईल तेवढंच. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होऊन ओठ फाटतो. स्पार्क येतो, इंजिन चालू होतं, सगळे खूश. पण सीलमधून फुकट हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं, आणि तळेगावच्या चढावर पिस्टन धरतो, म्हणजे गरम होऊन जाम होतो. मग दोष येतो पेट्रोलवर नाहीतर ऑइलवर.

उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. क्रँककेसचे स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरनंच सोडवा, साध्या पेचकसानं डोकी खराब होतात. दोन केसांच्या मध्ये पेचकस घालून उचकटायचं नाही. तिथं पडलेली एक खरवड कायमची गळती देते. हीट गननं बेअरिंगच्या भोवतीचा भाग गरम करा, रबरी हातोडीनं टिचक्या द्या, केस सुटते.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच घ्या, सी-३ क्लिअरन्सचं (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं) आणि उघडं. दोन्ही बाजूंनी पत्रा किंवा रबर लावलेलं बेअरिंग दुकानदार देईल, कारण ते सहज मिळतं. पण पत्र्याआड पेट्रोलमधलं ऑइल पोचत नाही. पत्रा काढूनच बसवा. बसवताना केस १०० अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मग ते हातानं खाली जाऊन बसतं, ठोकावं लागत नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू क्रँककेसच्या आत. ओठाला टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचं बोट लावा, सील कोरडा चढवू नका.

कनेक्टिंग रॉड बघायची पद्धत: क्रँक वरच्या टोकाला आणा, रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. तिथं जराही खुटखुट नको. आजूबाजूला थोडा हलला तर चालतो. वर-खाली खेळ असेल तर क्रँक प्रेस करून नवीन पिन-बेअरिंग घालावं लागेल. ते घरचं काम नाही. ज्याच्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज आहे, आणि जो क्रँक फिरवून ०.०३ मिमीच्या आत आणून देतो, त्याच्याकडेच द्या.

सगळं बंद केल्यावर, फ्रेममध्ये चढवण्याआधी, गळती तपासा. यासाठी बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळ बेस्ट. रिकाम्या प्लगच्या कवचाला नळी जोडा, कार्ब्युरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड सायकल-ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा, पिस्टन सगळ्यात खाली आणा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून दाब क्रँककेसपर्यंत जाईल. फुगा दाबत काटा ३०० वर न्या. तो ३०० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण ०.४ बार, टू-स्ट्रोक तपासायला हवा तेवढाच. त्यावर नेऊ नका, सील उलटतील. पाच मिनिटांत काटा थोडा उतरला तर ठीक. सरसर उतरत असेल तर सील, केसचा जोड, बेस गॅस्केट, डिकॉम्प्रेसर सगळीकडे साबणाचं पाणी लावा. बुडबुडा जागा दाखवतो. ही चाचणी पास झाल्याशिवाय इंजिनाला पेट्रोल दाखवू नका.

---

मॅग्नेटवाला (हिंगणघाट)

बोअर भाऊंनी आतलं सांगितलं, मी स्पार्कचं सांगतो.

सगळ्यात आधी इंजिन बंद करायच्या स्विचची वायर मॅग्नेटकडून येते तिथंच सोडा. मॅग्नेटोमध्ये स्विच करंट तोडत नाही, तो करंट गाडीच्या बॉडीला अर्थ (अर्थिंग) करतो. उंदरानं कुरतडलेली तीच वायर फ्रेमला टेकली असेल तर सगळे पार्ट नवे टाकले तरी स्पार्क येणार नाही. शंभरातली कितीतरी "मेलेली" कॉईल याच वायरीमुळे बदलली जाते.

मॅग्नेट काढायला त्याच्याच आट्यांचा पुलर घ्या. दोन पेचकस घालून उचकटलं किंवा क्रँकच्या टोकावर हातोडा मारला तर टोक पसरतं, आणि घावानं चुंबकाची ताकदही कमी होते. काढलेला मॅग्नेट उघडा टाकू नका. आतून लोखंडाची पट्टी चिकटवून ठेवा आणि गॅरेजच्या फरशीपासून दूर ठेवा, आत चिकटलेला लोखंडी कीस कॉईल खरवडतो. क्रँकच्या टेपरवरची अर्धचंद्र चावी नीट पाहा. ती अर्धी कापली गेली असेल तर मॅग्नेट सरकून बसतो आणि टायमिंग कधीच जुळत नाही. बसवताना टेपर थिनरनं पुसून पूर्ण कोरडा करा, ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही.

पॉइंट पॉलिशपेपरनं घासू नका. पेपरचे कण धातूत रुततात आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. बारीक पॉइंट-फाइलचे दोन हात, नंतर थिनरमध्ये भिजवलेला कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढून घ्या. खोल खड्डा असेल तर नवा संच. गॅप पूर्ण उघड्या अवस्थेत ०.४० मिमी. ०.३५ ते ०.४५ चालतो. कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्याच्या) फेल्टला ग्रीसचा अगदी ठिपका द्या. जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं.

टायमिंगसाठी बल्ब-टेस्टर इथं फसवतो, कारण पॉइंट उघडे असले तरी कॉईलमधून सर्किट पूर्णच राहतं. पतंगाच्या कागदाची पट्टी कापा, बंद पॉइंटमध्ये धरा, हलका ताण ठेवा आणि मॅग्नेट चालायच्या दिशेनं सावकाश फिरवा. कागद ज्या क्षणी सुटतो तो स्पार्कचा क्षण. त्या वेळी मॅग्नेटवरची खूण केसवरच्या खुणेसमोर यायला पाहिजे. कागद खुणेनंतर सुटत असेल तर आतली प्लेट फिरण्याच्या उलट दिशेला थोडी सरकवा, आधी सुटत असेल तर दिशेला. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम मोडू नका. गॅप वाढवला की टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

कंडेन्सर मात्र न तपासताच नवा टाका. वय झालेला कंडेन्सर थंड असताना चांगला दिसतो आणि गरम झाल्यावर दगा देतो. गाडी पाच-सात किलोमीटर जाऊन बंद पडते, सावलीत अर्धा तास थांबलं की परत सुरू होते, ही त्याचीच खूण. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तर हमखास. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी दिसली तरी कंडेन्सरच गेलेला. मल्टीमीटरला कपॅसिटन्स असेल तर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅराड दाखवायला हवा.

प्लग १४ मिमीचा, आखूड आट्यांचा, १२.७ मिमी रीचचा. लांब आट्यांचा प्लग चुकून बसवला तर पिस्टनला लागतो. गॅप ०.५ ते ०.६. स्पार्क तपासायला प्लग नुसता हेडवर ठेवून खात्री होत नाही. वायरचं टोक केसपासून ५ मिमी लांब धरा, लाकडी चिमट्यात. मॅग्नेट जोरात फिरवला की उडी मारली पाहिजे.

---

आर्वीकर

सगळ्यांचे आभार. इंजिन उभं करून भिजवल्यावर ग्रीसगन न लावताच पिस्टन सुटला. सिलिंडर काढून पाहिलं. एक्झॉस्टच्या बाजूला दोन उभ्या रेघा आहेत, एक नखाला लागते, एक लागत नाही. वरच्या भागात गंजाचे डाग. वरची रिंग खाचेत पक्की बसलेली आहे. पिस्टनच्या बाजूला अॅल्युमिनियम थोडं घासलं गेलंय. होनिंगवर भागेल की बोअर करावा? शिवाय सायलेन्सरची माती निघाली, पण आत कार्बन दगडासारखा झालाय.

---

बोअर_पिस्टन (अमरावती)

नखाला रेघ लागली म्हणजे बोअर. पण त्याआधी एक करून पाहा. रेघ खरोखर खोल आहे की पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला चिकटून उंचवटा झालाय, हे उजेडात तिरकं धरून बघा. चिकटलेलं असेल तर कापसाच्या काडीनं कॉस्टिक सोड्याचं पाणी फक्त तिथं लावा. बिडाला ते काही करत नाही, अॅल्युमिनियम फसफसून निघून जातं. मग धुऊन, पुसून, लगेच तेल लावून परत नख फिरवा. कित्येक सिलिंडर एवढ्यावर वाचतात.

तरी लागलं तर ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्या आणि पिस्टनसकट सिलिंडर लेथवाल्याकडे न्या. बोअर आधी आणि पिस्टन नंतर असं केलं तर त्या मापाचा पिस्टन बाजारात नसतो. पिस्टन खालच्या कडेपासून थोडा वर, पिनच्या काटकोनात मोजायचा. या आकाराच्या बिडाच्या सिलिंडरमध्ये ०.०५ मिमीच्या आसपास क्लिअरन्स सांगा. नवीन बोअर घट्ट असला म्हणजे चांगला, ही समजूत विदर्भातल्या उन्हाळ्यात फार महाग पडते. हवेवर थंड होणारं इंजिन, बाहेर ४५ अंश, तिथं ०.०२ चा घट्ट पिस्टन पहिल्याच दिवशी धरतो.

लेथवाल्याला पोर्टच्या धारा बोथट करायला सांगा, साधारण अर्धा मिमी. ते नव्वद टक्के लोक विसरतात. धार तशीच राहिली तर रिंग प्रत्येक फेऱ्यात तिच्यावर आपटते. रिंग पिस्टनविना सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननंच ढकलून सरळ करा आणि टोकांमधला फट मोजा: ०.१५ ते ०.२५. रिंगेच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगेची तोंडं तिच्यावरच यायला हवीत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजनपिनचे सर्क्लिप जुने परत वापरायचे नाहीत, काही रुपयांचा सर्क्लिप सुटून अख्खं सिलिंडर घेऊन जातो.

बेस गॅस्केट जुनं होतं तेवढ्याच जाडीचं कापा, ऑइल पेपरचं. जाड टाकलं तर कॉम्प्रेशन पडतं. त्यावर सिलिकॉन चोपडू नका, पेट्रोलनं ते फुगून सुटतं आणि त्याचे धागे पोर्टमध्ये जातात. हेडचे नट ६ मिमीचे असतील तर ०.८ ते १ किलो-मीटर, तिरपे-तिरपे, दोन टप्प्यांत.

सायलेन्सर पूर्ण पत्र्याचा असेल तरच कॉस्टिक. प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाणी, त्यात एक किलो सोडा थोडा-थोडा सोडायचा. पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच, मोकळ्या जागेत, जनावरं आणि लेकरं जवळ नसताना. रात्रभर ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. कार्ब्युरेटर, हेड, केस यांतलं काहीही त्या बादलीजवळ नेऊ नका.

---

टूटी_ऑइल (दारव्हा)

पेट्रोलचं मी सांगतो भाऊ, काहून की इथंच जुन्या गाड्यांचे हाल होऊन राह्यले.

आता पंपावर भेटते ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याच्यानं तीन गोष्टी होतात. एक, जुनं रबर फुगते, फ्लोटची सुई, टाकीच्या कॉकचं वायसर, नळी, सगळं. हे सारं नवीन टाका, आन् नळी इथेनॉल चालते अशीच मागा. दोन, साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला १३.५ च्या जवळ. म्हणजे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरातल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) गाडी पातळ चालते. जेटचा आकडा ५३ असन तर ५५ लावून पाहजा. तार घालून जेट मोठा करू नोका, भोक वाकडं होते अन् मग कितीचा झाला ते कोणालेच कळत नाही.

तिसरी गोष्ट लय बेकार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी राह्यली, तं पाणी आन् इथेनॉल वेगळं होऊन खाली बसते. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलातच राह्यते, खालच्या थरात ऑइलच नसते. कॉक उघडला की पह्यले तोच थर कार्ब्युरेटरमध्ये जाते, म्हणजे इंजिन बिनऑइलचं चालते. म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असन तं टाकी रिकामी करजा आन् कार्ब्युरेटर सुकेपर्यंत गाडी चालवून बंद करजा.

ऑइलचं प्रमाण: नव्या बोअरवर पह्यले पाचशे किलोमीटर ४ टक्के, म्हणजे लिटरले ४० मिली. त्याच्या नंतर ३ टक्के, ५ लिटरले १५० मिली. डब्यावर जेएएसओ (जपानी दर्जा) एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टीच घेजा, मोटरसायकलच्या इंजिनाचं ऑइल नाही. अंदाजानं झाकणभर जास्त टाकलं तं इंजिन जास्त दिवस टिकते, असं नाही न बावा. ऑइल वाढलं की तेवढ्याच जेटातून पेट्रोल कमी जाते, गाडी पातळ होते, आन् पोर्टात कार्बन भरते ते वेगळंच. मिश्रण डब्यात हलवून मग टाकीत टाकजा, टाकीत टाकून गाडी हलवून नाही.

टाकीचा गंज: किराण्यातलं लिंबूसत १०० ग्रॅम एक लिटर कोमट पाण्यात, टाकी काठोकाठ भरून एक दिवस. मंग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा, आतून टू-टी फिरवून घ्या. ओली ठेवली तं संध्याकाळपर्यंत परत तांबडी होते. कॉकच्या खाली कागदाचा फिल्टर लावजा, पण बारीक नळीचा, गुरुत्वावर पेट्रोल उतरन असा.

कार्ब्युरेटरचे जेट तांब्याच्या वायरच्या एका तारेनं साफ करा, सुईनं नाही. एअर फिल्टरची जाळी धुऊन, ऑइलात बुडवून, निथळवून बसवा. आपल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक असते, कोरड्या जाळीतून सरळ बोअरात जाते.

---

जुनी_चाकं (वर्धा)

इंजिनाचं सगळं आलंच आहे, कागदाचं थोडं. पायडल असले तरी ही मोटारगाडीच. मोटार वाहन कायद्यातून सुटतात ती २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची चारपेक्षा कमी चाकांची वाहनं. लूना ५० सीसीची आहे, त्यामुळे आरसी, विमा, पीयूसी, हेल्मेट सगळं लागतं. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, तुमची केव्हाच संपली असणार. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर होतो. आरटीओत गाडी दाखवावी लागते, म्हणून इंजिन आणि चासी नंबर घासले जाणार नाहीत याची काळजी घ्या. सँडब्लास्टिंगला द्यायच्या आधी नंबरवर जाड टेप लावा.

कोणी व्हिंटेज नोंदणीचं सुचवेल. २०२१ च्या नियमांत ती ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना आहे. नव्या नोंदणीची फी २० हजार, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तुमची १९८० च्या दशकातली, तेव्हा तो मार्ग सध्या नाहीच. घरात कोणाच्याही नावाची जुनी आरसी असेल तर वाळवीपासून जपा, तिच्याशिवाय काम फार लांबतं.

---

बोअर_पिस्टन (अमरावती)

चालू करताना काय करायचं ते राहिलं होतं.

पहिल्यांदा सकाळी लवकर, गारव्यात चालू करा. हेड हाताला चांगलं गरम लागलं की बंद, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. त्यानंतर थंड इंजिनावर हेडचे नट परत तपासा, गॅस्केट बसतं तसे ते सैल होतात. पहिले तीनशे-पाचशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे नको, आणि एकाच वेगानं लांब रस्त्यावर नको. वेग वर-खाली करत राहा. मागे माणूस बसवायचा नाही, कापसाचं गाठोडंही नाही. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन फिरवत नेऊ नका. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, त्यामुळे मधून मधून थोडी थ्रॉटल द्यायची.

सिलिंडर आडवं असल्यानं पुढच्या चाकाचा चिखल थेट फिन्सवर बसतो. पावसाळ्यात काळी माती फिन्समध्ये वाळून घट्ट झाली की हवा लागतच नाही. दर आठवड्याला बांबूच्या काडीनं काढा, मडगार्डला खाली रबराची झालर लावा.

प्लग पाहायचा असेल तर गाडी रस्त्यावर चालत असतानाच थ्रॉटल तशीच ठेवून स्विच बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि प्लग काढा. घरी येऊन मंद चालवल्यावर काढलेला प्लग काही सांगत नाही. बदामी दिसला तर ठीक. काळा ओला असेल तर जेट किंवा ऑइल जास्त. पांढरा असेल तर तिथून पुढे चालवत नेऊ नका. आधी टाकीतून किती पेट्रोल उतरतंय ते पाहा, मग जेट, आणि दोन्ही बरोबर असेल तर बीपीचा फुगा परत लावा. मॅग्नेटकडचा सील चढवताना अर्धचंद्र चावीच्या खाचेनं कापला जातो, तो आधी तपासा. पुढच्या वेळी त्या खाचेवर सेलोटेप गुंडाळून सील सरकवा.